फ्रायर बघण्याचा कार्यक्रम

“माझ्या आईनं मला जल्मात एवढं पुसलं न्हाई, जेवढं ही बाई त्या बटाट्याला पुसतीया.”

हे वाक्य माझ्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर उच्चारलं गेलं. उच्चारणारे आमचे हे, म्हणजे निवृत्त सुभेदार जोतीराम. त्यांची समजूत अशी, की ते स्वतःशीच पुटपुटले. अठ्ठावीस वर्षं तोफांशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचं पुटपुटणं शेजारच्या शालूबाईंना त्यांच्या मोरीत ऐकू जातं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही. त्यामुळे मला घरातल्या बऱ्याच गोष्टी वेळेवर कळतात.

माझ्या हातात पंचा होता, पंच्यात बटाट्याच्या बोटाएवढ्या फोडी होत्या आणि तान्ह्या बाळाची काख पुसावी तशी एकेक फोड मी पुसत होते. पाण्याचा एक थेंब राहिला तरी फ्राईज मऊ पडतात. आणि फ्राईज मऊ पडल्या, तर येत्या रविवारी माझ्या लेकीचं...

पण तो शब्द आमच्या घरात बंद होता.

मार्च महिन्यात राजेश्वरीनं तो एकदा काढला होता. राजेश्वरी आमची एकुलती एक, सांगलीला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिथं दुधगावचा जिनेंद्र नावाचा मुलगा शेतातली माती घेऊन आला. मातीचा नमुना दोन-तीन वर्षांतून एकदा तपासला तरी पुष्कळ होतं. या मुलानं एकाच वावराची माती चार महिन्यांत नऊ वेळा तपासून घेतली. नवव्या खेपेला राजेश्वरीनं विचारलं, “तुमच्या मातीत नक्की काय कमी आहे असं वाटतं तुम्हाला?” त्यावर म्हणे तो इतका लाजला, की शेवटी तिलाच त्याला चहाला न्यावं लागलं. मुलगा जैन, आम्ही मराठे. हे सगळं तिनं जेवताना सांगितलं.

ह्यांनी ताट सारलं नाही, आवाज चढवला नाही. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, “पाटणची भावकी काय म्हनंल? ह्या इषयावर ह्या घरात पुन्हा शब्द निघायचा न्हाई.”

“ठीक आहे पप्पा,” राजेश्वरी म्हणाली. “मी पळून जाणार नाही. नुसती थांबेन.”

ह्यांना वाटलं, विषय संपला. मला मात्र कळलं, तो आत्ताच सुरू झाला. ती थांबते म्हणजे थांबतेच. बापावर गेली आहे. तिकडे दुधगावातही, जिनेंद्रचे वडील धनपाल अण्णा यांनी “ऊस तुटंपर्यंत ह्यो विषय नको” असं सांगितलं होतं. ऊस तुटला, त्याच्या बुडख्यांना फुटलेला खोडवा गुडघ्याएवढा झाला, तरी अण्णांचं तोंड उघडेना. दोन घरं, दोन हुकूम, आणि मधे सांगलीत बसून माझी पोर वाळत चाललेली. सुट्टीला आली की म्हणायची, “भूक नाही गं.” हे म्हणायचे, “सांगलीचं पानी बाधलं.”

पण हुकमात एक बारीक फट होती. हुकूम शब्दावर होता, माणसांवर नव्हता.

सप्टेंबरात तिचा फोन आला. “आई, जिनेंद्रच्या आईंना एअर फ्रायर घ्यायचाय. आधी कुणाकडे तरी चालताना बघायचा म्हणतात. रविवारी आपल्याकडे येतील, दोघं. म्हणजे तिघं. दसरा झाल्यावर.”

“अगं, पण आपल्याकडे एअर फ्रायर कुठंय?”

“मग घ्या ना,” राजेश्वरी म्हणाली.

आणि आम्ही घेतला. म्हणजे मी घेतला. हे म्हणाले, “कशाला?” मी म्हटलं, “तुमच्या कोलेस्टेरॉलला.” डॉक्टरांनी ह्यांचं तळलेलं बंद केल्यापासून घरात कोलेस्टेरॉलच्या नावावर काहीही खपतं. पाहुणे फक्त फ्रायर बघायला येणार आहेत, हे मी नंतर पोळीबरोबर हळूच वाढलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, फ्रायरकडे पाहिलं. शब्द कुठेच निघाला नव्हता. त्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

शालूबाईंना येतं. त्यांच्या-आमच्या मधल्या भिंतीवर कोपर टेकून त्या म्हणाल्या, “पोरगी बघाय लोक येत्यात, म्हस बघाय येत्यात. फ्रायर बघाय येत्यात हे पयल्यांदा ऐकलं. सांगलीतली दुकानं बंद पडली व्हय?”

“त्यांना चालताना बघायचाय.”

“व्हय, व्हय. आमच्या येळंला बी चालायला लावायची. मग नाव इचारायची.”

मी भिंतीवरून उतरले. म्हणजे ज्या पाटावर उभी होते त्यावरून.

आता फ्राईजबद्दल. बाहेरून हे काम दिसतं सोपं. यंत्राबरोबर एक पुस्तिका येते, ती इंग्रजीत आणि आणखी दोन अशा भाषांत, ज्यांतलं एकही अक्षर माझ्या ओळखीचं नव्हतं. मी वाणसामानाच्या पुडीचा कागद वाचून शिकलेली बाई आहे, कागद दिसला की सोडत नाही. शब्दकोश घेऊन बसले आणि दोन दिवसांत पहिली आठ पानं काढली. आठही पानांवर ‘यंत्र पाण्यात बुडवू नका’ हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलं होतं. नवव्या पानावर बटाट्याचं चित्र होतं.

पहिल्या दिवशीच्या फ्राईज पावसात राहिलेल्या कडब्यासारख्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी वरून काळ्या, आतून कच्च्या. तिसऱ्या दिवशी मी मीठ आधीच लावलं, त्यांनी पाणी सोडलं आणि यंत्रातून वाफेचं इंजिन सुटल्यासारखा आवाज आला. हे पलंगावरून ओरडले, “पोझिशन!” मग कळलं ते असं: फोडी गार पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, पाणी पांढरं दिसतं ते टाकायचं, पुन्हा धुवायच्या, एक उकळी द्यायची, पंच्यावर कोरड्या करायच्या, चमचाभर तेल चोळायचं, आधी मंद आणि मग शेवटी पाच मिनिटं कडक आच. नवव्या दिवशी मी एक फ्राय ह्यांच्या कानाशी नेऊन मोडली.

“आलं काय ऐकू?”

“कट् म्हनाली,” हे म्हणाले. ह्यांना ऐकू येईल इतपत कुरकुरीत, हे माझं माप होतं. त्याहून कडक परीक्षा सातारा जिल्ह्यात नसेल. पण चव घ्यायला मात्र ते तयार नव्हते. “मी तसली थेरं खात न्हाई,” म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

माझा आनंद त्या दुपारीच संपला. शालूबाईंनी भिंतीवरून विचारलं, “आवं पर ती जैन मानसं. बटाटा खात्यात व्हय?”

नऊ दिवस, साडेसात किलो बटाटा, आणि हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता! मी ताबडतोब राजेश्वरीला फोन लावला. तिनं जिनेंद्रला विचारलं. तो म्हणाला, “खातात की सगळे. अण्णांना तर दुसरं काही लागतच नाही.”

“आणि आई?”

“आईपण खात असेल की.”

‘असेल’! मुलांना आपली आई काय खाते ते माहीत असतं, हा एक मोठाच गैरसमज आहे. आई सगळ्यांना वाढते, एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. मी म्हटलं, त्याला सांग, आईला नीट विचार. तर राजेश्वरी म्हणाली, “नको आई. विचारलं की त्यांना वाटेल, आपण पुढचा विचार करतोय.”

“मग आपण करत नाही का?”

“करतोय. पण त्यांना वाटायला नको.”

म्हणजे साधा बटाटा चालतो का, हे विचारायची सोय नाही! मी दोन्ही करायचं ठरवलं. अण्णांना बटाटा, त्यांच्या मिसेसना कच्ची केळी. कच्च्या केळ्याच्याही फ्राईज होतात. फक्त सोलताना हात काळे होतात आणि आपण कुठे मोटार दुरुस्त करून आलो असं वाटतं.

शनिवारी आणखी एक गोष्ट उघडकीला आली. फ्रायर चालू असताना फ्रीज सुरू झाला, की घरातली वीज जायची. भार झेपत नव्हता. खरं तर चार दिवसांपूर्वीच मला शंका आली होती आणि मी वीज ऑफिसात भार वाढवून मागायला गेले होते. तिथल्या साहेबांनी विचारलं, मीटर कुणाच्या नावावर?

“सासऱ्यांच्या.”

“त्यांना घेऊन या.”

“ते अकरा वर्षांपूर्वी वारले.”

“मग बिल कोण भरतं?”

“आम्ही.”

“मेलेल्या माणसाचं बिल तुम्ही का भरता?” त्यांनी कागदांची यादी दिली. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, दोन फोटो. फोटो माझे की सासऱ्यांचे, असं मी विचारलं ते त्यांना आवडलं नाही. मग म्हणाले, “भार कशासाठी? एसी?”

“फ्राईज,” मी म्हटलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चेहरा पालटला. “बटाटा कुठला घेता? पुसेगावचा घ्या, पण जुना. नवा पाणी सोडतो. आणि थोडं तांदळाचं पीठ भुरभुरा, बाई. आमच्या घरी कुणी ऐकत नाही.” भार मिळाला नाही, पण तांदळाच्या पिठाचा उपयोग झाला. सरकारी ऑफिसातून मी कधी रिकाम्या हातानं आले नाही, हे मला नमूद करायचं आहे.

तर शनिवारी ह्यांनी परिस्थिती हातात घेतली. पाहुण्यांना विरोध कायम होता, पण घरात ढिसाळपणा चाललेला त्यांना बघवत नाही. त्यांनी बटणांच्या बोर्डाशेजारी कागद चिकटवला: ‘फ्रायर ऑन, फ्रीज ऑफ, गीझर ऑफ, मोटर ऑफ, इस्त्री ऑफ.’ खाली सही आणि तारीख. “मी बोर्डावर ड्यूटीला हाय,” म्हणाले. “पर बोलनार न्हाई कुनाशी.”

रविवारी पाहुणे चार वाजता यायचे होते. पावणेचारला मी बटाट्याच्या फ्राईज काढल्या. सोन्यासारख्या! त्या आयत्या वेळी चार मिनिटं गरम करायच्या, आणि केळ्याच्या फ्राईज पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायच्या, असा बेत होता. बटाट्याची टोपली मी तीनदा घासली. चार वाजले, साडेचार वाजले. कराडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू, गाडी अडकलेली. इकडे माझं सोनं ताटलीत हळूहळू मान टाकू लागलं.

आणि तेव्हा राजेश्वरीनं ती गोष्ट सांगितली. दोन दिवसांपासून घरी आली होती, पण सांगायचं तेव्हा सुचलं. “आई, ते दोघं दिवस मावळल्यावर काही खात नाहीत हं. पाणीसुद्धा नाही.”

“मावळतो किती वाजता?”

बाहेरच्या खोलीतून पुटपुटणं आलं, “सा वाजून पंधरा मिन्टं. कालनिर्णयात बघिटलंय मी.” हे कॅलेंडर बघून बसले होते! ज्या माणसाला काही देणंघेणं नाही, तो सूर्यास्त कशाला बघून ठेवील, एवढं मात्र मनात आलं.

पाहुणे पाच वाजून दहा मिनिटांनी आले. धनपाल अण्णा उंच, पांढरी टोपी, हात जोडून हसणारे आणि लगेच गप्प होणारे. जिनेंद्र त्यांच्या मागे, आपण दारातून मावू की नाही अशा शंकेनं वाकलेला. आणि चंदनबालाबाई, लहानखुऱ्या, डोळे मात्र भलतेच चौकस. आता एक अडचण अशी आली, की त्यांना हाक काय मारायची? ताई म्हणावं तर राजेश्वरी त्यांची भाची होते आणि सगळंच गोत्यात येतं. वहिनी म्हणावं तर ह्यांचा नि अण्णांचा भाऊबंदपणा लागतो. प्रत्येक हाकेतून काही ना काही नातं बाहेर डोकावत होतं. त्यामुळे त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाला काहीच म्हटलं नाही. “अहो,” “हे बघा,” “बसा की,” यावर दहा मिनिटं गेली.

चंदनबालाबाईंनी पिशवीतून एक पुडा काढला. “घरची हळद आहे. आमच्या रानातली. असंच आणली.”

हळद!

राजेश्वरी फरशीकडे बघू लागली, जिनेंद्र पंख्याकडे. ह्यांनी बोर्डाकडे पाहिलं, जणू कुठलं तरी बटण दाबून ही हळद बंद करता येईल. अण्णा घसा खाकरून म्हणाले, “यंदा हळदीला... पाऊस बरा झाला.” सगळ्यांनी मान डोलावली. पाऊस बराच झाला होता.

आणलेली वस्तू त्यांच्यासमोर वापरली तर मान राहतो, म्हणून मी दोन चिमटी हळद केळ्याच्या फोडींना चोळली. बटाट्याच्या फ्राईज तेवढ्याच का फिक्या राहाव्यात म्हणून त्यांनाही लावली. त्या क्षणी मला वाटलं, मी किती सुगरण आहे!

पाच पंचवीसला केळ्याची टोपली यंत्रात सरकवली. चंदनबालाबाई शेजारी उभ्या. “तुमी तेल किती घालतासा? कुठनं वारं येतं ह्याच्यात? आवाज असाच येतो का?” बाई खरोखरच फ्रायर बघायला आली की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली.

पाच पस्तीसला खिडकीतलं ऊन विझलं. साताऱ्यातली आमची शाहूपुरी यवतेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याला, सूर्य इथं लवकर डोंगरामागे जातो.

“मावळला?” मी विचारलं.

“डोंगराआड गेला म्हणजे मावळला नव्हं,” चंदनबालाबाई हसून म्हणाल्या. “अजून आहे वेळ.”

त्या ‘वेळ’ म्हणाल्या आणि घरातली वीज गेली. फ्रायर एक सुस्कारा टाकून गप्प झाला.

जिनेंद्र हात धुवायला गेला होता. मोरीत दिव्याचं आणि गीझरचं बटण शेजारी शेजारी आहे, आणि घाबरलेल्या माणसाचा हात नेहमी चुकीच्या बटणावर जातो. बाहेरच्या बोर्डातला फ्यूजही गेला. “गीझर ऑफ लिवलं हुतं!” हे गरजले. मग खिडकीबाहेरून ह्यांचाच आवाज, “आरं, वायर अशी धर. अशी न्हाई. पकड कुठाय? तुला पकड म्हाईत हाय का?” “हो काका.” “मग दे की.” सात महिन्यांत ह्यांनी त्या मुलाशी बोललेली ही पहिली वाक्यं.

आमचा मीटरचा बोर्ड स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, बाहेरच्या बाजूला. मला तिथून दोन डोकी दिसत होती, एक करडं आणि एक काळं, एकमेकांना टेकलेली. चंदनबालाबाईंची खिडकीकडे पाठ होती. अंधारलेल्या यंत्राकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “एक विचारू का? हे केळ्याचंच आहे न्हवं?”

“केळ्याचंच. टोपली तीनदा घासली आहे.”

“बरं झालं. मी बटाटा सोडलाय. मार्चपासून.”

“मुनिमहाराजांनी दिलेला नियम?”

“न्हाई वो.” त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. “महाराजांना असलं कारण सांगितलं तर रागवतील. म्हणून माझं मीच, देवळात उभी राहून ठरवलं. जिनूच्या मनासारखं मार्गी लागंपर्यंत बटाटा न्हाई. घरात कुणाला ठाव न्हाई. लहानपणापासून मला लय आवडतो, पण सोडायचं तर आवडतं तेच सोडावं न्हवं का? तुमीबी बोलू नकासा. अण्णांसमोर तर न्हाईच.”

खिडकीबाहेरची पकड हलायची थांबली. दोन्ही डोकी जिथल्या तिथे. काळं डोकं खाली गेलं ते वर येईना. मग ह्यांचा आवाज आला, पण कधी नव्हे तो खरोखरच पुटपुटल्यासारखा. “धर बाबा वायर. डोळं पूस आन् धर. येळ कमी हाय.”

पाच बावन्नला वीज आली. बरोबर सहाला केळी झाली, सहा पाचला बटाटा गरम झाला. यंत्रातून काढल्यावर मी दोन ताटल्या भरल्या, पाहुण्यांच्या संचातल्या, एकसारख्या, आणि राजेश्वरीच्या हातात दिल्या. “डाव्या हातातली केळ्याची. ती त्यांच्यापुढे. विसरू नकोस.” ती नुसतीच मान हलवत राहिली.

ती बाहेरच्या खोलीत गेली आणि अण्णा उठले. फार सभ्य माणूस. “आण पोरी, मी ठेवतो,” म्हणत त्यांनी दोन्ही ताटल्या तिच्या हातून घेतल्या, वळले, टीपॉयवर ठेवल्या, मग जागा नीट दिसेना म्हणून एक इकडे, एक तिकडे केली.

मी दारात आले तेव्हा टीपॉयवर दोन ताटल्या होत्या. दोन्ही पिवळ्या, दोन्ही खमंग, दोन्ही दुधगावच्या हळदीनं माखलेल्या. बटाटा कुठला, केळं कुठलं, माझं मलाच कळेना! राजेश्वरीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. आता मी काय करावं? विचारावं तर अण्णा म्हणणार, का? सांगावं तर शब्द मोडतो. एक चाखून बघावी, तर घरच्या बाईनं पाहुण्यांच्या आधी ताटलीत हात घालायचा! आणि न बोलावं तर या बाईनं सात महिने ज्याच्यासाठी जीव मारला, ते व्रत माझ्या हातून मोडणार, माझ्या मुलीच्या नावानं घेतलेलं.

चंदनबालाबाई माझ्याकडे बघून विश्वासानं हसल्या. समोरच्या ताटलीतली एक फ्राय त्यांनी उचलली.

आणि त्याच वेळी माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. बोर्डाजवळ ड्यूटीवर असलेले आमचे सुभेदार, तसली थेरं न खाणारे, त्यांचा उजवा गाल फुगलेला होता. चंदनबालाबाईंच्या समोरची तीच ताटली त्यांच्याही हाताशी होती. केव्हा हात मारला, कुणालाच दिसलं नव्हतं. गाल हलायचा थांबला. डोळे मोठे झाले. फ्राय चंदनबालाबाईंच्या ओठांपाशी पोचली होती.

“इहीनबाई, थांबा!”

खिडकीची काच थरथरली. भिंतीपलीकडे शालूबाईंच्या हातून काही तरी पडलं.

“बटाटा हाय त्यो,” हे म्हणाले. मग गालातला घास गिळला. तो घास खाली जाताना सगळ्यांना ऐकू आला.

चंदनबालाबाईंचा हात तसाच हवेत. जिनेंद्र उभा राहिला होता, तो तसाच उभा. अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“काय म्हणालासा?” अण्णांनी विचारलं.

“बटाटा हाय म्हनलो.”

“त्याच्या आधी.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना एवढं निराधार कधी पाहिलं नव्हतं. मी मदत केली नाही. राजेश्वरीनं डोळे उघडले होते आणि ती बापाकडे बघत होती, थांबली होती, जशी सात महिने थांबली होती तशीच.

चंदनबालाबाई फ्रायकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, आवाज मात्र घट्ट आला. “दिवस मावळायला किती मिनिटं आहेत?”

ह्यांनी घड्याळ पाहिलं. “चार.”

“मग परत एकदा म्हणा की. म्हणजे मला हा खाता येईल. हात अवघडला माझा.”

अण्णा आपल्या बायकोकडे बघतच राहिले. त्यांना काही कळलं नव्हतं, आणि हळूहळू सगळंच कळत होतं.

ह्यांनी बोर्डाला टेकलेली पाठ सोडली. सदरा खाली ओढला. टाचा जुळवल्या, जशा ते झेंड्यासमोर जुळवतात. एकदा मुलीकडे पाहिलं, आणि मग, पाटणच्या भावकीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“इहीनबाई म्हनलो. खावा आता, गरम हाय तवर.”